चिठ्ठ्यांचं प्रकरण

‘बरं आहे. घ्या.’

स्क्रीनवर एवढंच होतं. मी पान खाली सरकवून पाहिलं, वर सरकवून पाहिलं, बंद करून पुन्हा उघडलं. आणखी काही नव्हतं. आठल्ये सरांनी माझा पॅच, म्हणजे जुन्या कोडात मी केलेला बदल, तपासून पास केला होता. त्या पॅचमध्ये एक चूक होती, आणि ती मी मुद्दाम ठेवली होती.

“काय गं अश्लेषा, झालं का तुझं आठल्ये?” पलीकडच्या टेबलावरून हणमंतने विचारलं.

“झालं.”

“किती आले?”

“एकही नाही.”

हणमंत घोरपडे कोल्हापूरचा. एरवी अशा बातमीवर त्याने अर्धा तास माझी टर उडवली असती. त्या दिवशी तो नुसता “हां” म्हणाला आणि हेडफोन पुन्हा कानांवर चढवून बसला.

आमच्या ऑफिसात ‘आठल्ये होणं’ म्हणजे काय ते सांगायला हवं. कुणीही कोड लिहिला की तो तपासायला सरांकडे जायचा आणि आक्षेपांनी भरून परत यायचा. विसरलेली शक्यता, चुकलेला हिशोब, आळसाने दिलेलं नाव, दोन ओळींत मावलं असतं ते चार ओळींत लिहिलेलं, काही म्हणजे काही सुटायचं नाही. ‘हे तू जागेपणी लिहिलंस का?’ असं मला एकदा लिहून आलं होतं. आठवडाभरात ज्याला सगळ्यांत जास्त आक्षेप येतील त्याने शुक्रवारी सगळ्यांना मिसळ खिलवायची, अशी पद्धतच पडली होती. मी नवीन होते तेव्हा कोपऱ्यावरचा मिसळवाला मला नावानिशी ओळखायला लागला होता. सरांच्या नावाने आम्ही बोटं मोडायचो. पण त्यांच्या हातून सुटलेला कोड एकदा खोक्यात गेला की निवांत झोपायचो.

उन्हाळ्यापासून मिसळ बंद होती. आक्षेपच येत नव्हते कुणाला.

ही खोकी म्हणजे नेटवर्कची खोकी. कर्वेनगरात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची चिमुकली कंपनी होती, आणि दूध संघ, रुग्णालयं, असल्या विखुरलेल्या ठिकाणांना एकमेकांशी जोडणारी यंत्रं आम्ही बनवायचो. आत ऑपरेटिंग सिस्टीम आमची स्वतःची. तिच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, येणारी-जाणारी पॅकेटं हाताळणारा जो कोड होता तो बहुतेक सगळा आठल्ये सरांनी लिहिलेला. माझा पॅच त्यातलाच एक जुना भाग उचकटून पुन्हा रचणारा होता.

नेटवर्कवरून जे काही जातं ते तुकड्यातुकड्यांनी जातं. त्या एकेका तुकड्याला पॅकेट म्हणायचं. खोक्यात शिरलेलं पॅकेट टप्प्याटप्प्याने पुढे सरकतं. एक टप्पा त्याचं सांकेतिक लिपीचं कुलूप काढतो, दुसरा ते आत घ्यायचं की नाही ते बघतो, तिसरा त्याला योग्य वाटेला लावून देतो. आणि प्रत्येकाला त्या पॅकेटबद्दल काहीबाही टिपून ठेवावं लागतं. कुठून आलं, कोणी तपासलं, कुठे धाडायचं. सरांनी फार वर्षांपूर्वी त्यासाठी चिठ्ठ्यांची सोय केली होती. ज्याला जे टिपायचं त्याने ते वेगळ्या चिठ्ठीवर टिपायचं आणि ती पॅकेटला अडकवून द्यायची. व्यवस्था चोख होती, पण प्रत्येक चिठ्ठीसाठी वेगळी मेमरी मागावी लागायची. गर्दी वाढली की खोकं चिठ्ठ्या मागण्यातच दमायचं, आणि मेमरी संपली की चिठ्ठी मिळाली नाही म्हणून अख्खं पॅकेटच टाकून द्यायचं.

“माझं हे चिठ्ठ्यांचं प्रकरण मोडा आता कुणीतरी,” असं सर स्वतःच म्हणाले होते आणि माझ्याकडे वळले होते. “पॅकेटच्या डोक्यावरच एक ठरावीक जागा राखून ठेवायची. सगळ्यांनी आळीपाळीने तिथेच टिपायचं. कुंभोजकर, तू घे हे. पण सोपं जाऊ देणार नाही हं मी.”

तेव्हा सौमित्र होता. सरांचा एकुलता एक मुलगा. सांगलीला इंजिनिअरिंगला होता आणि सुट्टीत आमच्याकडे येऊन बसायचा. माझ्याच टेबलाशी खुर्ची ओढायचा, मला ताई म्हणायचा आणि दर थोड्या वेळाने हळूच विचारायचा, “बाबा चिडलेत की हे त्यांचं नॉर्मल आहे?”

मे महिन्यात तो पुण्याहून सांगलीला मोटरसायकलवर निघाला आणि कराडच्या अलीकडे ट्रकने त्याला उडवलं. 

वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही सगळे गेलो होतो. मला काहीही वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग आपलाच गाल आपण बोटाने दाबतो आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो, तसं काहीतरी. मी फुलं वाहिली, नमस्कार केला, चपला कुठे काढल्या होत्या ते मला नेमकं आठवत होतं. घरी येऊन वरणभात खाल्ला. रडू येईल म्हणून दोन-तीन दिवस वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं. ऑफिसात सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच चाललं होतं. कामं होत होती, चहा येत होता.

सरांना परत आणलं ते तांबोळी साहेबांनी. इक्बाल तांबोळी म्हणजे आमचे मालक, बार्शीचे, मनाने लोण्यासारखे आणि कामात खमके. ते स्वतः सरांच्या घरी गेले. “घरी बसून काय कराल सर? या. डोकं गुंतलेलं राहील,” असं म्हणाले आणि सर “बरं” म्हणाले. आम्ही सरांचं टेबल पुसून ठेवलं होतं. सर आले, बसले, आणि पहिल्याच दिवशी हणमंतचा रखडलेला पॅच पास करून टाकला. ‘बरं आहे. घ्या.’ हणमंतला आधी आनंद झाला. दुसऱ्या पॅचलाही तेच आलं तेव्हा त्याचा चेहरा पडला.

सर परत यावेत, एवढीच माझी इच्छा होती. खुर्चीत येऊन बसणारे नव्हे, आधीचे. सगळ्यांनाच ते हवं होतं, पण बोलत कुणी नव्हतं. कारण बोलायचं तर पुढचा प्रश्न यायचा: सर चुका पाहू शकत नसतील तर तपासायचं काम त्यांच्याकडे ठेवायचं कसं? हणमंतने एकदा साहेबांपुढे विषय काढून पाहिला होता. साहेब त्याच्या अंगावर गेले. “त्या माणसाकडे उरलंय काय? आता हेही काढून घेऊ?” मलाही ते पटलं होतं.

म्हणून ती चूक. सगळ्यांनी आळीपाळीने एकाच जागेत टिपायचं म्हटलं की एक पथ्य आलंच. आपलं काम झालं की आपलं टिपलेलं पुसून जायचं. नाहीतर पुढचा टप्पा आधीच्याचं टिपण आपलंच समजून वाचतो, आधीच्या तासाला फळा न पुसता मास्तर निघून गेले की होतो तसा घोळ. कुलूप काढणाऱ्या टप्प्याच्या शेवटी मी पुसायला खरोखरच विसरले होते. पाठवायच्या आधी माझं मलाच दिसलं. दुरुस्त करायला हात गेला आणि मी तो मागे घेतला. पुसणं हे या सगळ्या बदलाचं नाक होतं. तिथली चूक सरांना झोपेतही दिसली असती. म्हटलं, राहू दे. पाहू या ओरडतात का.

ते ओरडले नाहीत.

“पास झालं?” तांबोळी साहेब केबिनमधून बाहेर आले ते हात चोळतच. “वा! बघितलंस, सर कसे रुळावर आले? एवढा मोठा बदल आणि एका दमात पास. मग या आठवड्यात दूध संघाच्या खोक्यांवर चढवू या. त्यांची केंद्रं कधीपासून बोंब मारतायत.”

“साहेब, एकदा मी पुन्हा बघते.”

“सरांनी पाहिलंय ना?”

“हो.”

“मग तू काय बघणार?” असं म्हणून ते हसत आत गेले.

हणमंतने एका कानावरचा हेडफोन सरकवला. मी त्याच्याजवळ जाऊन खुर्ची ओढली आणि हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं.

“आता गप दुरुस्त कर की,” तो म्हणाला. “कशाला कुणाला कळायला पाहिजे? दुरुस्त कर, पुन्हा पाठव, ते पुन्हा बरं आहे म्हणतील. संपलं.”

“आणि पुढच्या वेळी? खरंच कुणाचं काही राहिलं तर?”

“तर आपण एकमेकांचं बघू. चोरून.” त्याने डोळे चोळले. “तुला काय वाटतं, मी काय करतोय गेले दोन महिने? प्रत्येक गोष्ट चारचारदा तपासतोय. आधी नव्हतो तपासत, सर होते म्हणून. आता सर आहेत म्हणून तपासतोय.”

मी उठले आणि मागच्या गच्चीत गेले. सर दुपारचा डबा तिथे खायचे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर. डबा उघडलेला होता. ते खात नव्हते.

“बस, कुंभोजकर. कारलं खातेस?”

“नको सर.” मी कठड्याला टेकले. “तुम्हाला कारलं आवडत नाही ना?”

“नाही. शेजारच्या कर्णिकबाई देतात. नलिनी रत्नागिरीला गेलीय बहिणीकडे, तेव्हापासून. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कारलं चालेल ना? मी चालेल म्हटलं. आता रोज असतं.” नलिनी म्हणजे सरांची पत्नी.

“मग सांगायचं ना त्यांना.”

“हं.” त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला. “परवा मी सोसायटीचा चेअरमन झालो.”

“तुम्ही?”

“सगळे घरी आले होते. तुम्हीच व्हा सर, मन रमेल. मग झालो.”

आठल्ये सर सोसायटीचे चेअरमन! गणपतीच्या वर्गणीवरून ज्यांनी त्याच सोसायटीला तिचं अख्खं पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं, ते. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला आणि त्याचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

“सर, पॅचमध्ये चूक आहे,” मी म्हटलं.

“हो.”

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. “माझ्या पॅचमध्ये. आज तुम्ही पास केलात त्यात.”

“कुलूप काढून झाल्यावर पुसलेलं नाहीस. पुढे वाटेला लावणारा ते आपलंच समजून वाचेल. गर्दीत एका केंद्राचं पॅकेट दुसऱ्या केंद्राला जाईल.” ते डब्याकडे बघूनच बोलत होते. आवाजात राग नव्हता, थट्टा नव्हती, काहीच नव्हतं. “दिसली मला.”

“दिसली?”

“पहिल्यांदा चाळताना दिसली.”

आता मात्र मला संताप आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, तर तो संताप होता. “मग पास कशी केलीत सर? साहेब या आठवड्यात दूध संघाकडे चढवायला निघालेत!”

“तू जाऊ दिलं नसतंस. मुद्दाम ठेवली होतीस ना? एवढी ढोबळ चूक तू आता करत नाहीस.”

“आणि खरंच केली असती तर?”

सरांनी पोळीचा मोडलेला तुकडा डब्याच्या कडेला सरकवला. 

“तरी पास केली असती,” ते म्हणाले.

मी कठड्यावरून बाजूला झाले. टाकीजवळ एक उलटी बादली होती, तिच्यावर बसले. आपण सरांशी बोलतोय की सरांसारख्या दिसणाऱ्या कुणाशी, असं मला वाटत होतं, आणि भीती वाटत होती. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

“बाकीच्यांच्या पॅचमध्येही सोडल्यात का?”

“किरकोळ. हणमंत हल्ली फार जपून लिहितो.” मग ते म्हणाले, “सौमित्रने त्याचा प्रोजेक्ट दाखवला होता मला. त्या रविवारी.”

ऑफिसात मे महिन्यानंतर त्यांच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं.

“त्याचा शेवटच्या वर्षाचा. पॅकेटं पकडून ती चित्रात दाखवायची, असं काहीतरी केलं होतं त्याने. रंगबिरंगी. मी बघितला. बघतो तसाच बघितला, दुसऱ्या कशा तऱ्हेने बघायचं ते मला येत नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं लिहून दिलं त्याला. इथे मेमरी परत केलेली नाहीस, इथे पॅकेट अर्धं आलं तर काय होईल, हे नाव कसलं दिलंस. त्याने वाचलं. सगळं वाचलं. मग म्हणाला, बाबा, एकदा तरी नुसतं बरं आहे म्हणा ना.”

सरांनी डब्याचं झाकण हातात घेतलं.

“मी म्हटलं, बरं असतं तर म्हटलं असतं.”

झाकण लागत नव्हतं. ते दाबत राहिले.

“सकाळी मी फिरायला गेलो होतो. परत आलो तेव्हा तो निघालेला होता. नलिनी म्हणाली, लवकर पोचायचं होतं त्याला, दुरुस्त्या करायच्या होत्या म्हणे.” झाकण लागलं. “आता कुणाचंही काही समोर आलं की चूक दिसते, अगं. दिसणं कुठे थांबतंय! लिहायला जातो आणि ते माझंच वाक्य कानात येतं. मग बरं आहे म्हणून लिहून टाकतो. कारल्याचंही तेच. चेअरमनचंही तेच. नाही म्हणायला तोंड उघडत नाही माझं.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तुमचा त्यात काय दोष सर, वगैरे. असलं बोलणारे त्यांना घरी येऊन भेटून गेलेच असतील आणि त्या सगळ्यांना ते बरं म्हणाले असतील.

“मग साहेबांना सांगा ना,” मी म्हटलं, “हे तपासायचं काम नको म्हणून.”

“दोनदा गेलो त्याच्या केबिनमध्ये. इक्बाल म्हणतो, सर, तुमच्याशिवाय आमचं कोण आहे? मी बरं म्हणून परत येतो.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाला नाही म्हणता येईना, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून, टेबल पुसून, मायेने, नाही म्हणायच्या कामावर आणून बसवलं होतं. आणि हे काम त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ नये म्हणून मी चूक पेरून बघत होते.

“चला सर,” मी उठले.

“कुठे?”

“केबिनमध्ये.”

“बरं,” सर म्हणाले आणि डबा घेऊन माझ्या मागोमाग आले.

तांबोळी साहेब फोनवर होते. आम्हाला दोघांना एकत्र बघून त्यांनी फोन आवरता घेतला. सरांसाठी स्वतः खुर्ची ओढली. “या सर, बसा. पाणी घ्या.”

“साहेब,” मी उभीच राहिले, “तपासणीच्या यादीतून सरांचं नाव काढा.”

साहेबांचा चेहरा एकदम लाल झाला. “अश्लेषा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? काय बोलतेस? त्यांच्यासमोर?”

“त्यांच्यासमोरच बोलायला हवंय. माझ्या पॅचमध्ये चूक होती. सरांना दिसली आणि त्यांनी पास केली.”

“असं होतं कधीकधी. आपण सगळी माणसंच आहोत.” ते सरांकडे वळले. “सर, ही काय म्हणते ते मनावर घेऊ नका. तुम्हाला करायचंय ना हे काम?”

“तू म्हणशील तसं,” सर म्हणाले.

“नाही, मी म्हणतो ते सोडा. तुम्हाला काय वाटतं?”

“तू म्हणशील तसं, इक्बाल.”

याच केबिनमध्ये, याच टेबलावर, एका ओळीच्या बदलावरून हे दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडताना मी ऐकले होते. सरांनी तेव्हा टेबल आपटलं होतं. साहेबांनी राजीनामा मागितला होता, सरांनी तो लिहून दिला होता, आणि साहेबांनी तो फाडून ती ओळ सरांच्या म्हणण्याप्रमाणे बदलली होती.

“सर,” साहेब म्हणाले, “मी तुम्हाला आज म्हटलं की कंपनीच बंद करू या, तर?”

“तुला योग्य वाटत असेल तर.”

साहेब खाली बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, पुन्हा घातला. “मला वाटलं होतं, कामाने बरं वाटेल,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. मग एकदम सरांना म्हणाले, “मी काढतोय तुमचं नाव. मी विचारत नाहीये. तुम्ही काही म्हणायचं नाही. वाटेल तेव्हा यायचं, चहा प्यायचा, वाटेल तेव्हा जायचं. कुणी तुमच्याकडे काही तपासायला आणणार नाही. आणलं तर मला सांगायचं, त्याला मी बघतो.”

त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. पासवर्ड दोनदा चुकला. मग यादी उघडली आणि सरांचं नाव त्यांनी काढलं. कंपनी सुरू झाल्यापासून त्या यादीत ते एकच नाव होतं. काढल्यावर यादी रिकामी दिसायला लागली, म्हणून की काय, साहेबांनी घाईघाईने तिथे माझं नाव घातलं.

समोरचं पाणी उचलून सरांनी सगळं पिऊन टाकलं, पेला खाली ठेवला आणि बाहेर गेले. साहेबांनी मला हाताने जायची खूण केली. मी जाताना त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली होती.

मी जागेवर येऊन बसले. पॅच समोर उघडाच होता, त्यावर सरांचं ‘बरं आहे. घ्या.’ तसंच होतं. मी राहिलेली पुसायची ओळ लिहायला घेतली. हणमंतने काय झालं म्हणून विचारलं, मी नंतर सांगते म्हटलं. बोटं चालत होती. आपण सरांचं काम काढून घेतलं, असं मी मनाशी म्हणून पाहिलं. काही झालं नाही. ठीक आहे, असंच वाटत राहिलं, जसं मे महिन्यापासून सगळं ठीक होतं.

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं.

सरांची ती जुनी खोड होती. खुर्चीच्या मागे येऊन उभं राहायचं आणि काही न बोलता स्क्रीन वाचायची. आम्हाला सगळ्यांना तिचा वैताग होता. मी वळून पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावर डब्याची पिशवी असावी, तिची वादी माझ्या खुर्चीला घासत होती.

“ही ओळ बरोबर आहे,” ते म्हणाले.

“हो सर.”

ते गेले नाहीत.

“पण पुसायचं आणखी एका ठिकाणी राहिलंय. एकच पॅकेट दोघांना धाडायचं असलं की तू त्याची नक्कल काढतेस, तिथे. नकलेबरोबर डोक्यावरचं टिपणही जसंच्या तसं जातं.” मग म्हणाले, “ती मुद्दाम ठेवलेली नव्हती. ती तुझी तुला ठाऊकच नाही.”

मी कीबोर्डवरचा हात काढला.

“आणि त्या जागेला ‘तात्पुरती’ असलं कसलं नाव देतेस? वर्षानुवर्षं राहणार आहे ती तिथे. जरा विचार करून नाव देत जा.”

वादी खुर्चीला घासून सुटली. जिन्यावर त्यांची पावलं वाजली. मी नक्कल काढायचा भाग उघडला. सर म्हणाले तिथेच होतं. मी ते दहा वेळा वाचलं होतं आणि मला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या कुणालाही दिसलं नसतं. ते तसंच दूध संघाकडे गेलं असतं.

त्या ओळीवर कर्सर ठेवला आणि पुढे मला स्क्रीन दिसेना. सौमित्र दिसला. नुसतं नाव नव्हे, तो, टेबलाशी ओढलेल्या खुर्चीत, एक पाय खाली दुमडून बसलेला. तो गेला हे मला त्या क्षणी कळलं. मी टेबलावर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडायला लागले.

हणमंत धावत आला. “अगं, काय झालं? कोण काय बोललं? अश्लेषा!”

त्याने माझा खांदा धरून हलवला.

“सरांनी,” मी म्हटलं, “सरांनी चूक काढली.”

हणमंत माझ्याकडे बघत राहिला, मग स्क्रीनकडे. मग तो तिथेच जमिनीवर, माझ्या खुर्चीशी, मटकन बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.